काकूंसाठी ठिपके

स्टुडिओ का बंद झाला, असं लोक मला विचारतात. मोबाईल आला ना, असं मी सांगतो. त्यांना ते लगेच पटतं. मान हलवतात आणि आपापल्या कामाला लागतात.

ते खोटं नाही. पण ते कारणही नाही. खरं कारण मला माहीत आहे, कारण मी तिथेच होतो. टेबलापासून तीन फुटांवर, हातात रिकामं पाकीट घेऊन.

स्टुडिओच्या मालकाला सगळे हलूनका म्हणायचे, पण ते काही त्यांचं नाव नव्हतं. पस्तीस वर्षं माणूस दिवसाला पन्नास वेळा 'हलू नका' म्हणत राहिला, म्हणून लोकांनी ते ठेवलं. रस्त्याने जाताना पोरं मागून ओरडायची, "हलूनका!" आणि ते एक पाय उचललेल्या अवस्थेत जागच्या जागी थांबायचे. पोरं खिदळेपर्यंत पाय खाली टेकवायचे नाहीत.

मी त्यांना काका म्हणायचो. ते मला पंडित म्हणायचे. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला गेलो होतो, तेव्हापासून. मला स्टुलावर बसवून त्यांनी दिवे सरकवता सरकवता विचारलं होतं, "शिक्षण?"

"साहित्यात पदवी."

"म्हणजे काम काय येतं?"

मी नुसता कॅमेऱ्याकडे बघत राहिलो.

"तसेच राहा," ते म्हणाले. "चेहरा छान झालाय. हलू नका."

त्या फोटोवर मला मागच्या गल्लीतल्या छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली. फोटोवरच लागली असावी, कारण अर्जात दुसरं काही नव्हतं. दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन स्टुडिओत जाऊ लागलो. आमच्या वयात चौतीस वर्षांचं अंतर होतं. दोघांनाही दुसरं कोणी मित्र म्हणावं असं नव्हतं. एवढंच.

स्टुडिओ आगपेटीसारखा होता, लांबट आणि अरुंद. पुढे काचेचा काउंटर. मग पडदा. पडद्यामागे स्टूल, दोन छत्र्यांचे दिवे आणि गुंडाळी करून ठेवलेले तीन रंगवलेले पडदे. एकावर तळं आणि झाडं, एकावर पुस्तकांचं कपाट, एक नुसता निळा. पुस्तकांच्या कपाटाला सगळ्यात जास्त मागणी असायची. अगदी मागे कपाटाएवढी डार्करूम. आणि काउंटर व पडदा यांच्या मधे, खिडकीखाली, काकूंचं टेबल.

काकू म्हणजे काकांची बायको. तिरकी फळी असलेल्या त्या टेबलाशी त्या टचिंग करायच्या. भिंग, तीन ब्रश, कापूस आणि काळ्या शाईची वाटी, एवढा संसार.

"फोटोतली निम्मी कला या टेबलावर आहे," काका गिऱ्हाइकांना सांगायचे.

"निम्मी?" काकू मान वर न करता विचारायच्या.

"बरं बाई, पाऊण."

टचिंग म्हणजे काय, ते मला काकूंनीच दाखवलं. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की छापलेल्या फोटोवर पांढरा ठिपका उठतो. कितीही फुंका, कितीही पुसा, एखादा राहतोच. तो भरायचा. शाई पाण्यात इतकी पातळ करायची की नुसती सावली उरावी. ब्रशचं टोक ओठांत धरून सुईसारखं करायचं. डाव्या अंगठ्याच्या नखावर रंग बघायचा आणि मग ठिपक्यावर टेकवायचा. ओढायचा नाही, टेकवायचा. काम असं व्हायला हवं की ठिपका कुठे होता, ते भरणाऱ्यालाही पुन्हा सापडू नये.

चेहऱ्यांच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. आठ दिवसांत जाणारं असेल ते काढायचं, माणसाबरोबर जाणारं असेल ते ठेवायचं. पुटकुळी जायची, तीळ राहायचा. एका नवरदेवाने एकदा गालावरचा व्रण काढून टाका म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, "काढते की. पण उद्या तुमच्या आई येऊन मला विचारतील, हा कोण?" तो व्रणासकट फोटो घेऊन गेला.

लग्नाआधी दोघं एकाच मोठ्या स्टुडिओत कामाला होती. काकू तिथल्या टचिंगच्या बाई. काका ट्रेमधलं पाणी बदलायचे. "हिला खुर्ची होती, मला बादली होती," असं ते सांगायचे. स्वतःचा स्टुडिओ टाकला तेव्हा कॅमेऱ्याच्या आधी त्यांनी काकूंचं टेबल विकत आणलं होतं.

धंदा कसा गेला, ते काका फार रंगवून सांगायचे. जणू दुसऱ्याच कुणाची फजिती.

आधी ओळखपत्रांचे फोटो गेले. कचेरीतच टेबलावर बोटभर कॅमेरा बसवला गेला. काका स्वतःचं कार्ड काढून आले आणि मला दाखवत म्हणाले, "बघ, पंडित. माणूस साधा दिसायला आपण दोन दिवे लावतो. यांनी एकही न लावता खुनी करून दाखवला."

मग शाळा गेली. बावीस वर्षं ते वर्गांचे फोटो काढत होते. नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, आमचे खेळाचे सर फोनवर काढतात, लगेच पालकांना जातात. मग लग्नं गेली. लग्नांना आता सहा-सहा जणांची टोळी यायची, त्यांचा कॅमेरा पाहुण्यांच्या डोक्यावरून उडायचा. "आम्ही माणसांच्या समोर उभे राहायचो," काका म्हणायचे. "आता टकलं मोजतात."

ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. पन्नाशी उलटल्यावर डिजिटल कॅमेरा घेतला. संगणक शिकले. कपांवर फोटो छापून दिले. मग ऑनलाइन माल विकणाऱ्यांची कामं धरली. पहिलं काम कुकरचं आलं. चकचकीत कुकर. कुठूनही फोटो काढला तरी पोटावर काका दिसायचे, कॅमेऱ्यासकट. शेवटी पांढऱ्या चादरीचा तंबू ठोकला, भोक पाडून त्यातून लेन्स आत घातली, आणि सवयीने म्हणाले, "हलू नका." काकू तिकडून म्हणाल्या, "शिट्टी वाजेपर्यंत हलणार नाही तो."

फोटो सुंदर आले होते. कुकरवाल्यानेही कबूल केलं. "एक नंबर, काका. पण खरं सांगू? मेहुण्याने मोबाईलवर काढले तरी कुकर तेवढेच खपतात."

"खरं बोलला," काका नंतर मला म्हणाले. "कुकर कसाही काढला तरी कुकरच दिसतो. माणसाचं तसं नसतं. म्हणून तर आपलं पोट चाललं होतं."

समोरच्या झेरॉक्सवाल्याला मोबाईलची कव्हरं विकायला गाळा हवा होता. तो येता-जाता विचारायचा, "हलूनका, गाळा कधी देताय?"

"मेल्यावर."

"म्हणजे साधारण कधी? दुसरीकडेही बघतोय, म्हणून विचारलं."

दोघं हसायचे. काकाही खरंच हसायचे. तेव्हा त्यांना वाटत होतं की आणखी दोनएक वर्षं रेटावं आणि मग द्यावा.

काकूंच्या टेबलावरचं काम त्याआधीच थांबलं होतं. डिजिटल फोटोवर धूळ बसत नाही. डाग असलाच तर संगणकावर बटण दाबलं की जातो. काकूंनी एकदाच काकांच्या मागे उभं राहून ते पाहिलं. "हे पुसणं झालं," त्या म्हणाल्या. "भरणं नाही झालं." आणि त्या काउंटर सांभाळू लागल्या.

मग काकू विसरायला लागल्या.

सुरुवातीला ते गमतीचं होतं. चहा दोनदा यायचा. मग तीनदा. मग मी दिसलो की त्या म्हणायला लागल्या, "तुमचा फोटो उद्या मिळेल." मी रोज 'बरं' म्हणायचो. एक दिवस दुपारी त्यांनी पर्स उचलली, "जाते मी घरी, आई वाट बघत असेल," असं म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. आम्हाला त्या दोन तासांनी बसथांब्यावर सापडल्या. कुठली बस हवी ते त्यांना माहीत नव्हतं. पण बसायचं आहे, हे माहीत होतं.

त्यानंतर हे आठवड्यातून तीन-चार वेळा व्हायला लागलं. घरी कुलूप लावलं की त्या दार वाजवत राहायच्या. हात दुखेपर्यंत.

काम सापडलं ते योगायोगाने. माळा आवरताना काकांना जुन्या प्रिंटांचा एक खोका मिळाला, न नेलेल्या, टचिंग न झालेल्या. त्यांनी सहज एक प्रिंट टेबलावर ठेवला. काकू आल्या, बसल्या. भिंग लावलं. ब्रशचं टोक ओठांत धरलं. त्या दिवशी चार तास त्या उठल्या नाहीत. संध्याकाळी वर बघून म्हणाल्या, "अहो, शाई संपत आलीय, आणायला सांगा कोणाला तरी."

'अहो' हा शब्द काकांनी तीन महिन्यांनी ऐकला होता. ते डार्करूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. डोक्याला आठवत नाही ते हाताला आठवतं. जमेल तेवढे दिवस काम देत राहा.

तो खोका दीड महिना पुरला. मग रिकामा झाला. काकूंनी पुन्हा पर्स उचलली.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी आली. ती दुसऱ्या शहरात नर्स आहे, सरळ बोलणारी.

"बाबा, दुकान बंद करा. दोघं माझ्याकडे या."

"तिथे ही काय करेल?"

"आराम करेल. बसेल."

"तू हिला बसवून दाखव. आत्ता. मी बघतो."

मुलीने आईचा हात धरला, खुर्चीत बसवलं, गप्पा मारल्या. काकू पाच मिनिटं बसल्या आणि तिला म्हणाल्या, "तुम्ही फार चांगल्या आहात. पण मला निघायला हवं."

मुलगी बाहेर जाऊन रडली. आत येऊन म्हणाली, "कोण येतं तुमच्या दुकानात, बाबा? आईला काम कुठून आणणार?"

"आणतो," काका म्हणाले.

कुठून आणलं, ते मला दोन दिवसांनी कळलं. मी डबा घेऊन गेलो तर काका डार्करूमच्या दारात उभे होते. एका हातात निगेटिव्ह, कडेला दोन बोटांत धरलेलं. दुसऱ्या हाताने ते खिडकीच्या चौकटीवरची धूळ चिमटीत घेत होते आणि मीठ भुरभुरावं तशी निगेटिव्हवर सोडत होते.

त्यांच्या गळ्यात रबरी फुंकणी कायम लटकलेली असायची. निगेटिव्हवरची धूळ उडवायची. ती तेव्हाही होती.

"काका, हे काय?"

"ओरडू नकोस. ऑर्डर आहे."

असं सुरू झालं. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून त्यांनी जुन्या फोटोपेपरचे सात डबे मिळवले. मुदत संपलेले, पण चालणारे. नवा पेपर आता आमच्याकडे कोणी ठेवत नाही. रोज सकाळी जुन्या निगेटिव्हवर धूळ टाकायची, छापायचं, वाळवायचं आणि दुपारी काकूंच्या टेबलावर ठेवायचं. पण काकूंना सवय होती की काम गिऱ्हाइकाकडून येतं. पाकिटावर तारीख असते. कोणीतरी न्यायला येतं.

न्यायला येणारा मी झालो.

"हे कोण तुमचे?" पाकीट देताना काकू विचारायच्या.

"आत्या."

पुढच्या आठवड्यात दुसरीच बाई. "आणि या?"

"आत्याच."

"किती आत्या आहेत तुम्हाला?"

"सात."

काकू चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आजोबांना दुसरा कामधंदा नव्हता वाटतं."

काका पडद्यामागे हसू दाबत होते. ते दिवस चांगले होते. मला आता सांगायला संकोच वाटतो, पण खरंच चांगले होते. काकू ब्रश हातात असताना जवळजवळ पूर्वीच्या काकू असायच्या. टोमणे मारायच्या, रेडिओ बंद करायला सांगायच्या. ब्रश धुवून ठेवला की दोन-चार मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून जायचं. म्हणून ब्रश खाली ठेवला जाऊ नये, एवढंच काकांना हवं होतं. दुकान त्यासाठी चालू होतं. दिवसाला एखादं गिऱ्हाईक आलं तरी शटर दहाला उघडायचं आणि सहाला पडायचं.

मुद्दाम घाण काम करणं त्यांना जड गेलं. पहिल्या महिन्यात ते धूळही मापात टाकायचे. सहा-सात कण, तेही मागच्या पडद्यावर, जिथे भरणं सोपं. "नाकावर टाकवत नाही रे," ते म्हणाले. "हात मागे येतो."

पण काकूंचा हात परत बसला. तासाचं काम त्या वीस मिनिटांत करायला लागल्या. पाकीट तयार, दुपार मोकळी, पर्स हातात. पेपरचे डबे तर कमी होत होते. जास्त प्रिंट काढणं परवडणार नव्हतं. मग एका प्रिंटवर जास्त वेळ लागायला हवा. मग धूळ वाढली. पडद्यावरून कपड्यांवर आली, कपड्यांवरून गालांवर. टॉवेलचे बारीक धागे घातले की प्रिंटवर पांढऱ्या अळ्या उठायच्या, त्या भरायला अर्धा-अर्धा तास लागायचा. काका हे मला सांगायचे तेव्हा डोळ्याला डोळा भिडवत नव्हते.

शेवटच्या डब्याचा तळ दिसायला लागला त्या दिवशी त्यांनी बुबुळांवर धूळ टाकली.

कोणीतरी एक बाई होती. मध्यम वयाची, सरळ लेन्सकडे बघणारी. काकूंनी भिंग लावलं. लावलेलं काढलं. परत लावलं.

"कोणी छापलं हे?"

मी काउंटरपाशी होतो. काका पडद्यातून बाहेर आले. "मी."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांना ते ओळखू आले नव्हते. ते त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. परक्या माणसासमोर बसतात तशा ताठ बसल्या होत्या.

"किती वर्षं झाली तुम्हाला या कामात?"

"पस्तीस."

"पस्तीस वर्षं, आणि डोळ्यात ठिपका?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मागे एखादा राहतो. कपड्यांवर राहतो. मी समजू शकते. पण छापायच्या आधी माणूस डोळे बघतो, साहेब. दुसरं काही नाही बघितलं तरी डोळे बघतो. दोन्ही बुबुळांवर धूळ. ही चूक नाही, हा आळस आहे."

"अगं, ते..."

"माझ्याशी एकेरी बोलू नका."

त्यांनी प्रिंट दोन बोटांनी फळीवरून बाजूला सरकवला. "माझी शाई असल्या कामाला नाही. नीट छापून आणा."

उरलेली दुपार त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. पर्स उचलली नाही. कामाची वाट बघत होत्या.

काका माझ्याबरोबर बाहेर पायरीवर आले.

"पंडित, तिने मला आळशी म्हटलं."

"काका, त्यांना कुठे माहीत आहे की तुम्ही..."

"टचिंग माहीत आहे तिला. तिने बघितलं ते बरोबरच बघितलं." ते थांबले. "मोठ्या स्टुडिओतही कधी म्हणाली नव्हती. बाकी सगळ्यांना म्हणायची."

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. मला वाटलं, उद्या ते पुन्हा सहा-सात कणांवर येतील. पडद्यावर, कपड्यांवर. जमून जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर काका बनियनवर होते. शर्टाचे धागे नकोत म्हणून. डार्करूमच्या फरशीवर पाणी शिंपडलेलं, धूळ उडू नये म्हणून. सकाळी दहापासून ते आत होते. निगेटिव्ह निवडलं होतं एका वकिलाचं. काळा कोट, काळी टोपी, मागे गडद पडदा. काळ्यावर धुळीचा एक कण राहिला तरी चांदणीसारखा चमकतो. यापेक्षा अवघड निगेटिव्ह त्यांच्याकडे नव्हतं. डब्यात पेपरचे तीनच ताव उरले होते. दोन त्यांनी वाया घालवले होते, कारण कोटाच्या बाहीवर एकेक ठिपका राहिला होता. तिसरा ताव वाळत होता.

त्यांनी तो मला दिला. "बघ."

मी खिडकीशी नेऊन बघितला. भिंगाने बघितला. कोट, बटणं, कॉलर, टोपीची कड. डोळे. भुवयांतला केसन् केस. एवढी स्वच्छ गोष्ट मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिली आहे.

"आहे एखादा?"

"नाही."

काकांचा चेहरा फुलला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. चुका शोधण्याचाच मी पगार घेतो. पण मीही त्या प्रिंटकडेच बघत राहिलो.

त्यांनी शर्ट घातला, केसांवरून हात फिरवला आणि प्रिंट काकूंच्या फळीवर ठेवला. मी नेहमीप्रमाणे पाकीट घेऊन उभा राहिलो.

काकूंनी शाई पातळ केली. ब्रशचं टोक ओठांत धरून सुई केली. भिंग लावलं. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून त्या सुरुवात करायच्या, ओळीने, शेतात नांगर फिरावा तशा. कोपरा झाला. टोपी झाली. कपाळ झालं. डोळ्यांपाशी थांबल्या, परत मागे गेल्या. कोटावर फार वेळ लागला. खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागल्या. ब्रश सगळा वेळ हवेत होता. टोकावरची शाई वाळून गेली.

पाऊण तास गेला असेल. काका जागचे हलले नव्हते.

काकूंनी भिंग खाली ठेवलं.

"कोणी छापलं?"

"मी."

"फार सुरेख," काकू म्हणाल्या. "असं काम मी पाहिलं नाही. आमच्याकडे कोणालाच जमायचं नाही हे."

काकांचे डोळे भरून आले. ते हसले. खरंच, त्या क्षणाला ते अगदी आनंदात होते.

काकूंनी ब्रश पाण्यात धुतला. टोक नीट केलं. तिन्ही ब्रश कापसात गुंडाळले. शाईच्या वाटीवर झाकण ठेवलं. भिंग पुसलं. मग उभ्या राहिल्या आणि पर्स घेतली.

"कुठे निघालात?" काकांनी विचारलं. अहो-जाहो करून. कालचं त्यांच्या लक्षात होतं.

"इथे माझं काम नाही, साहेब. तुम्हाला टचिंगवाली लागत नाही." त्या समजूतदारपणे म्हणाल्या, कुठलाही राग नव्हता. "चांगलं आहे. असाच स्टुडिओ असावा."

"नाही नाही, लागते. उद्या काम आहे. खूप आहे."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नका," काकू म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

काका मागे धावले. मीही गेलो. त्यांनी काकूंना हात धरून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काकांनी घरूनच टेबलाची भाषा केली. चल, प्रिंट आलेत, गिऱ्हाईक खोळंबलंय. काकू म्हणाल्या, "तिथे नाही काम. तो माणूस स्वच्छ छापतो."

रोज हेच. मी एकदा गेलो, आत्यांचा फोटो न्यायला आलोय म्हणालो. त्यांनी मला ओळखलं नाही, पण स्टुडिओचं नाव काढताच म्हणाल्या, "तिथेच जा. चांगला फोटोग्राफर आहे. टचिंग करावं लागत नाही." काकांनी धुळीने भरलेला जुना वाया गेलेला प्रिंट समोर धरला, तर म्हणाल्या, "हा त्यांचा नाही. ते असं काम करत नाहीत." ब्रशला हात लावला नाही.

घराचा पत्ता विसरल्या, मुलीचं नाव विसरल्या. जेवल्याचं विसरायच्या. एवढं विसरल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी मुलीने येऊन दोघांनाही घेऊन जायचं ठरलं. झेरॉक्सवाल्याला गाळा मिळाला. तो किल्ली घ्यायला आला तेव्हा काही विनोद करणार होता, आणि केला नाही.

सामान काढायला मी सुट्टी घेतली. दिवे गेले, छत्र्या गेल्या, पुस्तकांचं कपाट गुंडाळीत गेलं. टेबल मुलीच्या घरी मावणार नव्हतं. काकांनी ते फुटपाथवर आणून ठेवलं आणि त्याच्यावरच बसले. त्यांना मी त्या टेबलावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"पंडित, वकिलाचा प्रिंट तू नीट बघितला होतास ना?"

"हो."

"भिंगाने?"

"भिंगाने."

"एकही नव्हता?"

"एकही नव्हता, काका."

ते मान हलवत राहिले. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, तरी उठले नाहीत.

"एक ठेवायला हवा होता मी," ते म्हणाले. "बाहीवर. दुसऱ्या तावावर होता, तो फेकलाच नसता तर झालं असतं. एकच ठेवायला हवा होता रे."